बिरादार सर, माझं नाव का कापलंत?

सर, तुमच्या मातीला मी उशिरा आलो असं काहीजण म्हणून राहिले. उशिरा आलो नव्हतो. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा होतो. पुढे यायची लाज वाटत होती. त्याच्या अकरा दिवस आधीच लातूरला चारचौघांत तुमच्यावर ओरडलो होतो आणि त्या अकरा दिवसांत तुम्हाला एक फोन करायला माझा हात उचलला नव्हता. मी धंदेवाला माणूस. समोरचा आधी बोलेल म्हणून थांबायची सवय लागलेली. तुम्हाला तसली सवय नव्हती. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी तुम्ही काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं यायचात. या वेळी आला नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं की तब्येत बरी नाही. मी मात्र समजलो, म्हातारा या वेळी खरंच रागावला.

कॉलेजवाल्यांनी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलंय. तुमचा जन्म कुठला, नोकरी कधीची, बास्केटबॉलचे किती संघ घडवले, हे सगळं लिहिणारे दुसरे आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला तुमच्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्ध्यावर आहे. तुम्ही गेलात म्हणून मी ते सोडून देईन असं वाटलं असेल, तर तुम्ही बालाजीला ओळखलं नाहीत.

तुम्ही मला शोधलंत ते एस.टी. स्टँडवर. हे मी लोकांना सांगतो तर खोटं वाटतं. नांदेडच्या स्टँडवर मुदखेडची गाडी लागली की खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, वह्या आत पडायच्या. ज्याचा रुमाल सीटवर, त्याची जागा. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, रोज गावाकडून जाणं-येणं करत होतो. गर्दीत पुढं घुसायचा मला कंटाळा. तीन रांगा मागून, लोकांच्या डोक्यावरून मी गाठ मारलेला टॉवेल फेकायचो आणि तो खिडकीच्या दोन गजांमधून जाऊन बरोबर सीटवर पडायचा. एक दिवस टॉवेल टाकला आणि मागून कुणीतरी दंड धरला. मला वाटलं, कुणाची तरी जागा मारली आपण.

"कोणत्या कॉलेजचा रे?"

"तुमच्याच, सर."

"उद्या सहाला मैदानावर ये."

"मी काय केलं, सर?"

"काही न्हाई केलंस. तिथली खिडकी जरा उंच हाय आन् गोल हाय, तेवढंच."

पुढं मला कळलं की तुमची अर्धी टीम अशी स्टँडवरचीच होती. किनवटच्या गाडीचे दोघे, लोह्याच्या गाडीचा एक. इतर कॉलेजं उंच पोरं शोधत होती. तुम्ही दोन-दोन तास बाकावर शेंगा खात बसून रुमाल कोण कसा टाकतो ते बघत होता.

मैदान तरी काय होतं आपलं! काळ्या मातीवर मुरूम टाकून रोलर फिरवलेला, त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा. संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी खेळायचं. त्यात तीन जागा अशा होत्या की तिथं चेंडू आपटला की मरायचा, वर यायचाच नाही. आम्ही त्या बुजवायला निघालो तर तुम्ही अंगावर धावून आलात. "हात लावू नका! ते आपले तीन गडी हायत. आपण पाच न्हाई, आठजण खेळतो." बाहेरचा संघ आला की त्यांचा चांगला खेळाडू धावत धावत नेमका त्या खड्ड्यात यायचा आणि चेंडूविना पुढं निघून जायचा. तुम्ही तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं करायचात. हसत होता, सगळ्यांना माहीत होतं. तेच आम्ही लातूरला सिमेंटच्या कोर्टवर गेलो तेव्हा पहिलाच चेंडू आपटला आणि माझ्या हनुवटीवर आला. जीभ चावली गेली. तुम्ही लांबून ओरडलात, "तिथं आपले गडी न्हाईत, सांभाळून!"

तुम्ही स्वतः केवढे खेळाडू होता, ते आम्हाला तुमच्या तोंडून कधी कळलं नाही. निलंग्याकडच्या खेड्यातून आलेला डावखुरा गडी. गुडघा मोडेपर्यंत तुम्हाला विद्यापीठात कुणी अडवू शकलं नाही, हे लातूरच्या एका म्हाताऱ्या पंचानं सांगितलं. आम्ही तुम्हाला खेळताना एकदाच पाहिलं. गुडघ्याला पट्टा बांधून तुम्ही फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहिलात, रिंगकडे पाठ होती, आणि डाव्या हातानं डोक्यावरून चेंडू मागे टाकलात. जाळी तर नव्हतीच, नुसती रिंग. रिंगला न शिवता चेंडू सरळ आतून खाली आला. आम्ही ओरडलो, "परत, परत!" तर तुम्ही चेंडू काखेत मारून म्हणालात, "परत पडला न्हाई तर? आता जावा, पळायला लागा." तुम्ही कधी कुणाला तुमची बढाई मारू दिली नाहीत आणि आमचीही मारू दिली नाहीत. राग आला की तोंडातून कानडी निघायची, "सुम्म कूड!" म्हणजे गप बस. हे मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं की आता माझ्या दुकानातली माणसंही ते बोलतात.

आमचे आबा बैलबाजारातले दलाल. त्यांना माझा खेळ पटत नव्हता. पोरगं बाजाराच्या दिवशी हाताशी पाहिजे, आणि पोरगं चड्डी घालून उड्या मारतंय. तुम्ही एका बाजाराच्या दिवशी थेट तिथं आलात. आबा दोन बैलांच्या मधे उभे होते. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. तुम्ही ते थोडा वेळ बघितलंत. मग आबांना म्हणालात, "मला बी एक सौदा करायचाय."

"कोणता बैल?"

"हा." तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "रोज काही तासांसाठी पायजे."

आबा हसले. रुमाल टाकला. तुम्ही आत हात घातलात. तुम्ही किती बोटं दाबलीत, आबांनी किती परत केली, मला दिसलं नाही. दोघांचे चेहरे दगडासारखे. मग आबांनी रुमाल झटकला आणि मला म्हणाले, "जा. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. बाजाराच्या दिवशी सुट्टी न्हाई." तुमच्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही हितं यायला पायजे होतं, कॉलेजात काय करून राहिलात?"

तो डाव तुम्ही मैदानावर आणलात. टाइम आउट घेतला की बाकीचे संघ घोळका करून ओरडायचे. तुम्ही टॉवेल टाकून माझा हात धरायचात आणि बोटं दाबायचात. एक बोट म्हणजे अमुक चाल, तीन म्हणजे तमुक. मूठ आवळली तर मी बाहेर. मी उलटी बोटं दाबून नाही म्हणायचो, घासाघीस करायचो. तुम्ही जोरात दाबायचात. समोरच्या कोचला वाटायचं, सर पोराची नाडी बघून राहिले. नजर एकीकडं ठेवून पास दुसरीकडं द्यायचा, हेही तुम्ही शिकवलंत. मी आज जुने ट्रॅक्टर घेतो, विकतो. इंजिनाबद्दल बोलताना मी टायरकडं बघतो. हे कुणाकडून आलं, तुम्हाला सांगायला नको.

आता आपल्या भांडणावर येतो.

माझं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघाची निवड लातूरला होती. बाराजण घ्यायचे. निवड समितीत तुम्ही आणि दुसऱ्या कॉलेजांचे दोघे. मी दोन दिवस जीव तोडून खेळलो. कुणालाही विचारा, त्या मैदानावर माझ्यासारखा पास देणारा दुसरा नव्हता. यादी लागली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं.

आपण एस.टी.नं परत निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तुम्ही भज्यांचा कागद माझ्यापुढं धरलात. मी तो उडवून दिला. सगळी भजी स्टँडवर सांडली. तुम्ही खाली वाकून कागद उचललात, कचऱ्यात टाकलात आणि जाऊन दुसऱ्या सीटवर बसलात. महिन्याभरानं समितीतलाच एकजण मला नांदेडला भेटला. तो म्हणाला, "अरे, आम्ही तर तुझं नाव लिहिलं होतं. तुझ्याच सरांनी काढायला लावलं. म्हणाले, माझ्या कॉलेजचा हाय, लोक म्हणतील आपलाच घुसवला."

सर, मी त्या दिवशी जेवलो नाही. माझ्या जागी जो गेला, तो सगळे सामने बाकावर बसून परत आला. आजही लग्नात भेटला की सांगतो, मी युनिव्हर्सिटी कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातला. संघाला मिळालेला विद्यापीठाचा कोट घालतो, पोटावर बटण लागत नाही तरी घालतो. मला कोटाचं दुःख नाही. तसले दहा कोट मी शिवून घेईन. मला दुःख याचं, की माझा खेळ जगात सगळ्यात जास्त ज्याला माहीत होता, त्यानंच तो खोडला. आणि का, तर लोक काय म्हणतील म्हणून!

सात-आठ वर्षं मी कॉलेजच्या रस्त्यानं गेलो नाही. आबांचे बैल गेले, बाजार गेला. मी एका भंगार ट्रॅक्टरपासून सुरुवात केली आणि कुणाच्या मदतीशिवाय उभा राहिलो. मग एक दिवस पावसाळा संपता संपता तुम्ही लुनावर माझ्या यार्डात आलात. एका टायरवर बसलात.

"बालाजी, एक ट्रॅक्टर पायजे. मैदान पार उखडलंय."

"देतो. आधी म्हणा, चुकलो."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला माहीत हाय."

तुम्ही इकडं तिकडं बघितलंत. "ह्या लालचं इंजन कसं हाय?"

"विषय बदलू नका, सर."

"बदलत न्हाई. तुझं इंजन लई तापलंय, ते जरा गार होऊ दे म्हणलं."

ट्रॅक्टर मी दिला. चालवायला माणूस पाठवायचा सोडून मी स्वतःच गेलो. त्यानंतर दर वर्षी पावसाळा सरला की तुम्ही यायचात, टायरवर बसायचात, चहा प्यायचात. मी तेच मागायचो आणि तुम्ही दुसरंच काही बोलायचात. एका वर्षी म्हणालात, "तू लई चांगला खेळायचास." मी म्हटलं, "हे मला माहीत हाय, पुढचं वाक्य बोला." तुम्ही म्हणालात, "चहात साखर कमी हाय." मी दहा मिनिटांत समोरच्याच्या तोंडून हवं ते वदवून घेणारा माणूस. तुमच्याकडून मला एक वाक्य काढता आलं नाही. निवृत्त झालात तरी रोज मैदानावर जात राहिलात आणि वर्षाला एकदा माझ्या यार्डात येत राहिलात. आता खरं सांगतो, पावसाळा सरत आला की मी गाव सोडून कुठं जायचो नाही. तुम्ही यायच्या दिवशी मी नसलो तर काय, म्हणून.

मग माझी पोरगी ऋतुजा तुमच्या कॉलेजात आली. खेळायला तिला मी सांगितलं नव्हतं. तीच म्हणाली. तुम्ही तिला पहिल्या दिवशी विचारलंत, "एस.टी.नं येती का?" ती म्हणाली, "न्हाई, स्कूटीवर." तुम्ही म्हणालात, "मग अवघड हाय." पण शिकवलंत. माझ्यापेक्षा जास्त शिकवलंत, आणि तिच्यावर कधी ओरडला नाहीत. याचाही मला राग आहे, पण तो लहान आहे.

या वर्षी पुन्हा लातूर. मुलींच्या संघाची निवड. समितीनं तुम्हाला मान म्हणून बोलावलं. मी स्वतः गाडी काढली, तुम्ही पुढं बसलात, ऋतुजा मागं. लोह्याच्या पुढं मी बोललो, "सर, एकदा झालं ते झालं. या वेळी माझ्या पोरीला तुमच्या चांगुलपणात कापू नका." तुम्ही खिडकीतून सोयाबीनकडं बघत होता. "बघू," म्हणालात. मागं ऋतुजा खाली बघत बुटाची नाडी सोडत-बांधत होती.

चाचणी संपली. समिती खोलीत गेली. थोड्या वेळानं बघतो तर तुम्ही बाहेर, पायरीवर बसलेले. मला कळेना. कुणीतरी सांगितलं, बिरादार सर म्हणाले, माझ्या कॉलेजची पोरगी हाय, तिच्या नावावर बोलणं होईल तेव्हा मी आत बसणार न्हाई. यादी लागली. ऋतुजा तेरावी. पहिली राखीव.

माझं डोकं फिरलं. मी कोर्टच्या मधोमध उभा राहून ओरडलो. "आत बसून मला कापलं, बाहेर बसून पोरीला कापलं! तुमचं नाव मोठं राहावं म्हणून आमच्या किती पिढ्या बसवणार, सर?" पंच, पोरी, त्यांचे आईबाप, सगळे बघत होते. तुम्ही पायरीवरून उठलात. गुडघ्यावर हात ठेवून उठलात, वेळ लागला. जवळ येऊन हळू म्हणालात, "बालाजी, पोरगी बघती." एवढंच. नांदेडला तुम्ही एस.टी.नं आलात. मी तुमच्यासाठी गाडी थांबवली नाही.

अकरा दिवसांनी सकाळी मैदानाकडं जाताना तुम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर पडलात. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मातीहून परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. ऋतुजा त्या अकरा दिवसांत माझ्याशी धड बोलली नव्हती. मला वाटत होतं, निवड झाली नाही म्हणून. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला एक सांगू का? ओरडायचं न्हाई."

"बोल."

"लातूरला जायच्या आदल्या दिवशी सरांनी मला विचारलं होतं. म्हणले, बाळा, तुझं नाव निघंल तेव्हा मी आत बसू का बाहेर थांबू? तू म्हणशील तसं."

मी गाडी बाजूला घेतली.

"मग तू काय म्हणलीस?"

"बाहेर थांबा म्हणलं."

"येडी का काय तू? त्यांनी एक शब्द टाकला असता तर..."

"म्हणूनच." ती माझ्याकडं बघत नव्हती. "मला माझं किती हाय ते बघायचं होतं. तेरावी, तर तेरावी. पुढच्या वर्षी बघते."

मी विचारलं, "सर काय म्हणले त्यावर?"

"हसले. म्हणले, तुझ्या बापाला विचारायचं राहिलं माझं. मला वाटलं, हे कोचनंच ठरवायचं असतं. ते चुकलं."

सर, मी इतकी वर्षं मागून राहिलो ते हेच वाक्य. टायरवर बसून मला दिलं नाहीत आणि मैदानावर माझ्या पोरीला देऊन टाकलंत. पहिल्यांदा मला त्याचाही रागच आला. मग तिथंच रस्त्याच्या कडेला स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. ऋतुजा पाठीवरून हात फिरवत होती, मागून ट्रक हॉर्न वाजवत होते.

तेव्हापासून मी एकच विचार करून राहिलो आहे. मला विचारलं असतंत तर मी काय म्हणालो असतो? खोटं बोलत नाही. मी म्हणालो असतो, आत बसा, टेबलावर हात आपटा आणि माझं नाव लिहा. माझी पोरगी जे म्हणाली ते एकविसाव्या वर्षी माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं. ते तिच्यात माझ्याकडून आलेलं नाही. तिच्या आईकडून थोडं असेल, बाकीचं सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास तिला मैदानावर मिळालंय. याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही, मी कधी कुणाचे मानले नाहीत. तुम्ही असता तर मानूही दिले नसते, साखर कमी आहे म्हणाला असता.

आणि हेही कळतं की मी आत बसा म्हटलं असतं तरी तुम्ही उठून बाहेर पायरीवर गेला असता. मी भांडलो असतो, पण तिथल्या तिथं, तोंडावर. दुसऱ्या दिवशी तुम्ही काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आला असता आणि ती सात-आठ वर्षं वाया गेली नसती. त्या वर्षांत तुमचे केस पिकले, गुडघा आणखी बिघडला, आणि मला ते बघायला मिळालं नाही.

धंद्यात मी बोललेला शब्द मागं घेत नाही, हे नांदेडात कुणीही सांगेल. लातूरला त्या मैदानावर बोललो ते सगळं मागं घेतो. जिथं ओरडलो तिथं ऋतुजाला घेऊन पुढच्या वर्षी जाणार आहे, आणि यादी लागेपर्यंत बाहेर पायरीवर बसणार आहे. गप बसणार आहे.

पण माझं नाव कापलंत ते चुकलंच होतं, सर. त्यावर मी ठाम आहे.